दोघांचा स्वयंपाक: निम्म्या प्रमाणाचा हिशेब आणि नव्या पाककृतीची तयारी

बहुतेक पाककृती चार जणांसाठी लिहिलेल्या असतात. नव्याने एकत्र राहू लागलेली जोडी ती पाककृती समोर ठेवते, प्रत्येक जिन्नस निम्मा करते आणि कामाला लागते. मग भात कच्चट राहतो, रस्सा तळाला लागतो, केक चपटा आणि कोरडा होतो. यात हाताला चव नसण्याचा काही संबंध नाही. निम्मे होतात ते फक्त जिन्नस. भांडं, वाफेने जाणारं पाणी आणि वेळ आपोआप निम्मी होत नाहीत. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की रोजचं जेवण सोपं होतं आणि अनोळखी पदार्थही पहिल्याच खेपेला खाण्याजोगा होतो.

दोघांना किती लागतं

सुरुवात कोरड्या, कच्च्या वजनापासून करा. एका वेळच्या जेवणाला दोन प्रौढ माणसांना साधारण एवढं पुरतं: तांदूळ १५० ग्रॅम किंवा कोरडा पास्ता १८० ते २०० ग्रॅम, डाळ तोंडीलावणं म्हणून ८० ते १०० ग्रॅम, मुख्य पदार्थ म्हणून १३० ते १५० ग्रॅम, साफ करून चिरलेल्या भाज्या ३०० ते ४०० ग्रॅम, हाडांशिवाय चिकन किंवा मासे २५० ते ३०० ग्रॅम. तांदूळ शिजून वजनाला जवळपास तिप्पट होतो, पास्ता दुपटीपेक्षा थोडा जास्त.

हे आकडे सुरुवातीपुरते. आठवडाभर दर वेळी वजन करा आणि काय उरलं, काय कमी पडलं ते पाहा. दोघांपैकी एकाची भूक मोठी असेल तर तांदूळ १५० ऐवजी १८० ग्रॅम करावा लागेल. एकदा तुमचा आकडा सापडला की तो फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

यासाठी १ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा हवा. दोघांच्या घरात घ्यायची पहिली वस्तू हीच, असं आमचं ठाम मत आहे. चांगल्या कढईच्याही आधी. चार जणांच्या पदार्थात मीठ २ ग्रॅम जास्त पडलं तर खपून जातं, दोघांच्या पदार्थात ते लगेच जिभेला कळतं. शिवाय ‘कप’ या मापावर फार भरवसा ठेवता येत नाही. अमेरिकी पाककृतीतला कप साधारण २४० मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, जपानी कप २०० चा आणि राइस कुकरबरोबर येणारा कप बहुधा १८० चा असतो. मैद्याचा कप चमच्याने हलका भरला तर १२० ते १२५ ग्रॅम, डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. चमचे त्यामानाने सरळ: लहान ५ मिलिलिटर, मोठा १५. ऑस्ट्रेलियन पाककृतीत मात्र मोठा चमचा २० मिलिलिटरचा धरतात.

मिठाचाही एक आकडा लक्षात ठेवा. तयार पदार्थाच्या एकूण वजनाच्या सुमारे १ टक्का मीठ बहुतेकांना बरोबर लागतं. रस्सा, भाजी, पाणी मिळून ८०० ग्रॅम होणार असेल तर ८ ग्रॅम मीठ. बारीक मिठाचा सपाट लहान चमचा सुमारे ६ ग्रॅमचा असतो. आधी पाऊण भाग घाला, उरलेलं शेवटी चव घेऊन. पाककृतीत जाड, खडबडीत मीठ सांगितलं असेल तर चमच्याचा हिशेब चुकतो. काही जाड मिठांचा चमचा जेमतेम ३ ग्रॅमचा भरतो आणि तेवढ्याच चमच्याने बारीक मीठ घातलं की पदार्थ खारट होतो.

निम्मं करताना काय काय बदलतं

पहिलं भांडं. गोल भांड्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, त्यामुळे २८ सेंटिमीटरच्या पॅनच्या निम्मा पॅन १४ चा नसतो, २० चा असतो. चार जणांची पाककृती २८ च्या पॅनमध्ये लिहिली असेल तर निम्म्या प्रमाणाला २० चा घ्या. मोठ्याच पॅनमध्ये निम्मा ऐवज टाकला की तेल पातळ पसरतं, रस कडेला आटून करपतो आणि मसाला मध्ये भाजत असताना बाजूला जळतो. मात्र मांसाचे किंवा पनीरचे तुकडे खरपूस करायचे असतील तर हा नियम सोडा आणि मोठा पॅन घ्या. तिथे तुकडे एका थरात, एकमेकांना न चिकटता बसणं जास्त महत्त्वाचं. दोघांच्या घराला २० आणि २६ सेंटिमीटरचे दोन पॅन, दीड लिटरचं घट्ट झाकणाचं पातेलं आणि तीन-साडेतीन लिटरचं एक मोठं भांडं एवढ्यावर बराच काळ काढता येतो.

दुसरं पाणी. नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. तांदूळ शिजताना मापाला माप, म्हणजे जवळपास स्वतःइतकंच पाणी पितो. उरलेलं वाफेने जातं, आणि ते किती जाणार हे भांडं, झाकण आणि वेळ यांवर ठरतं. तांदूळ किती आहे याच्याशी त्याचा संबंध फार थोडा. समजा तुमच्या पातेल्यात १ कप तांदळाला दीड कप पाणी लागतं. त्यातला १ कप तांदळात जातो, अर्धा कप हवेत. आता त्याच पातेल्यात अर्धा कप तांदूळ लावला तर पाऊण कप पाणी पुरणार नाही. तांदळाचं अर्धा कप आणि वाफेचं जवळपास तेवढंच अर्धा कप, म्हणजे १ कप लागेल. झाकण सैल असेल तर आणखी थोडं. उकळी आली की आच अगदी मंद करा आणि पाणी आटल्यावर झाकण न उघडता १० मिनिटं तसंच ठेवा. त्या वेळात वरची वाफ दाण्यात जिरते आणि तळाचा गिचका सुटतो.

प्रेशर कुकरला हाच नियम जास्त कडक लागू होतो. प्रत्येक कुकरला वाफ धरण्यासाठी किमान ठरावीक पाणी लागतं. ते त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं आणि ते निम्मं करता येत नाही. थोडंसंच शिजवायचं असेल तर तळाला ते पाणी घालून पदार्थ आत वेगळ्या भांड्यात ठेवा.

तिसरी वेळ. तुकडा शिजायला लागणारा वेळ त्याच्या जाडीवर ठरतो, संख्येवर नाही. चार बटाट्यांऐवजी दोन उकडले म्हणून ते लवकर उकडत नाहीत. पण रस आटवायचा असेल तर चित्र वेगळं: त्याच पॅनमध्ये, त्याच आचेवर निम्मा रस साधारण निम्म्या वेळात आटतो. म्हणून ‘१५ मिनिटं आटवा’ असं लिहिलं असेल तर सातव्या मिनिटापासून पॅनसमोरून हलू नका.

बेकिंगला दोन गोष्टी सांभाळा. २३ सेंटिमीटरच्या गोल डब्याचा केक निम्मा केला तर १६ चा डबा घ्या. थराची जाडी तीच राहते, म्हणून तापमान न बदलता वेळेत थोडाच फरक पडतो. लिहिलेल्या वेळेच्या १० मिनिटं आधी काडी घालून पाहा. तीन अंड्यांचं निम्मं करायचं असेल तर एक पूर्ण घ्या आणि दुसरं फेटून वजन करा. मोठ्या अंड्यातला कवचाशिवायचा भाग सुमारे ५० ग्रॅम असतो, त्यातला २५ वापरा. फॅरेनहाइटमध्ये लिहिलेलं ३५० म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सिअस, ४०० म्हणजे २०० आणि ४२५ म्हणजे २२०. ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर त्यातून २० अंश वजा करा.

काय दोघांपुरतं करायचं, काय दुप्पट

निम्मं न करणं हेही कधी कधी शहाणपणाचं असतं. कडधान्यं, डाळी, टोमॅटोचा सॉस, मांसाचा रस्सा, सूप हे पदार्थ चार जणांचेच करा. मेहनत तेवढीच लागते, दुसऱ्या दिवशी चव मुरते आणि गोठवलेही जातात. मासे, पास्ता, तळलेलं, अंड्याचे पदार्थ आणि कोशिंबिरीसारखं ताजं मात्र दोघांपुरतंच. उरलं की त्याची चव आणि पोत दोन्ही जातात. नवखे बहुधा याच्या उलट करतात: सूप दोन वाट्या आणि पास्ता पाचशे ग्रॅम.

उरलेलं ठेवताना नियम पाळा. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. मोठं भांडं तसंच आत ठेवलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत ५ सेंटिमीटरपेक्षा कमी थर करून ठेवा. असं अन्न तीन-चार दिवसांत संपवा आणि गरम करताना पूर्ण वाफाळेपर्यंत करा. भाताबाबत जास्त जपा. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि भात बाहेर राहिला की विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात ताटात पसरून तासाभराच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

गोठवताना दोघांच्या एका जेवणाचा एक भाग करा, पिशवीत दोन सेंटिमीटर जाडीचा सपाट थर करून, नाव आणि तारीख लिहून. फ्रीझर उणे १८ अंशांवर हवा. गोठलेलं वितळवायचं ते फ्रीजमध्ये, ओट्यावर नाही.

नवी पाककृती: सहा पायऱ्या

१. निवड. पाककृतीत अनोळखी गोष्टी जास्तीत जास्त दोन असाव्यात, मग तो जिन्नस असो, कृती असो की उपकरण. नवा मसाला, नवी पीठ मळायची पद्धत आणि ओव्हनचा पहिला वापर असं सगळं एकाच संध्याकाळी आलं तर चूक नेमकी कुठे झाली हे कळत नाही.

२. तुलना. त्याच पदार्थाच्या तीन वेगवेगळ्या पाककृती शेजारी ठेवून वाचा. तिन्हींत सारखं आहे तो पदार्थाचा कणा. त्याला हात लावायचा नाही. जे दर ठिकाणी वेगळं आहे ती लिहिणाऱ्याची आवड. वजनं दिलेली आणि ‘तेल सुटेपर्यंत’, ‘चमच्याच्या पाठीला थर चिकटेल इतकं’ अशा खुणा सांगणारी पाककृती निवडा. नुसती मिनिटं दुसऱ्याच्या शेगडीची असतात.

३. शेवटपर्यंत वाचन. ‘रात्रभर भिजवलेले’, ‘दोन तास मुरलेलं’, ‘खोलीच्या तापमानाचं लोणी’ असे शब्द जिन्नसांच्या यादीत दडलेले असतात. लिहिलेल्या तयारीच्या वेळेत बहुतेकदा चिरणं धरलेलं नसतं. पहिल्या खेपेला लिहिलेल्या वेळेच्या दीडपट वेळ हाताशी ठेवा आणि ज्या दिवशी दोघंही दमून येणार त्या दिवशी हे काम काढू नका.

४. खरेदी. एक चमचा लागणाऱ्या जिन्नसाची मोठी बाटली दोघांच्या घरात वर्षभर पडून राहते. सर्वांत लहान पाकीट घ्या आणि ते उघडण्याआधी त्याचा दुसरा उपयोग ठरवा. उरलेली टोमॅटो पेस्ट आणि नारळाचं दूध बर्फाच्या साच्यात गोठवता येतं. चिरलेली लसूण तेलात घालून बाहेर मात्र ठेवू नका. हवेशिवाय वाढणारे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू तिथे पोसले जातात आणि वासावरून ते ओळखू येत नाहीत.

५. बदली. जिन्नस मिळाला नाही तर तो पदार्थात काय काम करतो ते आधी ओळखा. आंबटपणासाठी असेल तर लिंबू आणि व्हिनेगर एकमेकांच्या जागी चालतात, फक्त व्हिनेगर थोडं कमी. दाटपणासाठी २ चमचे मैद्याऐवजी १ चमचा कॉर्नफ्लॉर, तोही गार पाण्यात कालवून. ताज्या पाल्याच्या एक तृतीयांश वाळलेला पाला, आणि तो लवकर घाला, कारण त्याला भिजायला वेळ लागतो. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, म्हणून १०० ग्रॅम वितळवलेल्या लोण्याऐवजी ८० ग्रॅम तेल. पण साखरेबरोबर लोणी फेटून हवा धरायची असेल तिथे तेल चालत नाही. पहिल्या खेपेला एकापेक्षा जास्त बदल करू नका.

६. मांडणी. शेगडी पेटवण्याआधी सगळं चिरून, मोजून वाट्यांत काढा. पॅनमध्ये एकाच वेळी पडणारे जिन्नस एकाच वाटीत. ताटातलं बाकी सगळं ओळखीचं ठेवा, म्हणजे नवा पदार्थ फसला तरी जेवण होतं.

राजम्यासारखी लाल कडधान्यं पहिल्यांदा करत असाल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. त्यात नैसर्गिक विषारी घटक असतो. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात आधी किमान १० मिनिटं खळखळून उकळवा, मग आच कमी करून मऊ होईपर्यंत शिजवा. नुसत्या मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये तो घटक नष्ट होत नाही.

नेहमी फसणाऱ्या जागा

कांदा. ‘पाच मिनिटांत सोनेरी’ हे खरं नसतं. मध्यम आचेवर मऊ व्हायला ६ ते ८ मिनिटं, सोनेरी व्हायला १२ ते १५, आणि खोल तपकिरी, गोडसर व्हायला ३० ते ४५ मिनिटं लागतात. आच वाढवून घाई केली तर कडा जळतात आणि आतला कांदा कच्चाच राहतो. तळाला लागायला लागला तर मोठा चमचाभर पाणी टाकून खरवडा. तो तपकिरी थर म्हणजेच चव.

खरपूसपणा न येणं. पृष्ठभाग ओला असेल तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि तपकिरी रंग येणारी क्रिया १४० च्या आसपास जोर धरते. म्हणून चिकन, मश्रूम, पनीर आधी कोरडं टिपून घ्या, पॅन तापू द्या आणि गर्दी करू नका. पाणी सुटून सगळं वाफवायला लागलंच तर अर्धे तुकडे बाहेर काढा आणि दोन खेपांत करा. तुकडा तळाला चिकटला असेल तर ओढू नका. खालून रंग आला की तो बहुधा आपणहून सुटतो.

लसूण. कांद्याबरोबर घालू नका. कांदा झाल्यावर, आच कमी करून, ३० ते ४० सेकंद. जळलेल्या लसणीचा कडूपणा काहीच घालून झाकता येत नाही. ते तेल टाकून पुन्हा सुरुवात करणं स्वस्त पडतं.

दही फुटणं. गार दही उकळत्या रश्शात पडलं की त्यातली प्रथिनं आकसून गोळे होतात. दही बाहेर काढून ठेवा, अर्ध्या कपाला १ लहान चमचा मैदा किंवा कॉर्नफ्लॉर घालून घुसळा, आच मंद करून थोडं थोडं घाला आणि ढवळत राहा.

न शिजणारं कडधान्य. टोमॅटो, लिंबू, चिंच असं आंबट आधी घातलं तर दाणे मऊ होत नाहीत. आंबट नेहमी दाणा बोटांत दबल्यावर. पाणी जड असेल किंवा दाणे जुने असतील तरी असंच होतं. तिथे चिमूटभर खाण्याचा सोडा मदत करतो, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

जास्त मीठ. कच्चा बटाटा टाकला की तो मीठ ओढून घेतो, ही समजूत चुकीची आहे. तो खारट पाणी शोषतो, उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. उपाय एकच: बिनमिठाचं पाणी, भाजी किंवा डाळ वाढवणं. थोडं आंबट किंवा गोड घातलं तर खारटपणा जिभेला कमी जाणवतो, एवढंच.

चिकनचं शिजणं रंगावरून ठरवू नका. जाड भागात मध्यभागी ७४ अंश हवेत, आणि त्यासाठी काडीचा तापमापक घेणं उत्तम.

एक ओटा, दोन माणसं

दर पदार्थाला एक जण मुख्य, दुसरा मदतनीस. हे आधी बोलून ठरवा आणि दर पदार्थाला पाळी बदला, नाहीतर एक जण कायम कांदाच चिरत बसतो. मुख्य माणूस शेगडीजवळून हलत नाही. मदतनीस चिरतो, मोजतो, भांडी विसळतो आणि पाककृतीतली पुढची ओळ मोठ्याने वाचतो. मीठ फक्त मुख्य माणसाने घालायचं. दोघांनी आपापल्या समजुतीने घातलेलं मीठ हे खारट जेवणाचं फार साधं कारण आहे. चव मात्र दोघांनी घ्या, पदार्थ उतरवण्याआधी, आणि ‘बरं झालंय’ एवढ्यावर थांबू नका: मीठ, आंबट, तिखट, दाटपणा यातलं काय कमी ते सांगा.

एकाला तिखट आवडतं, दुसऱ्याला सोसत नाही, हे बहुतेक घरांत असतं. पदार्थ कमी तिखटाच्या जिभेला बेतून करा आणि तिखट वरून द्या: २ मोठे चमचे तेल गरम करून, आच बंद करून, अर्धा मिनिट थांबून त्यात लाल तिखट घाला. उकळत्या तेलात घातलं तर ते काळं पडतं. एक जण शाकाहारी असेल तर कांदा-टोमॅटोचा मूळ मसाला एकत्र करा, दोन पातेल्यांत वाटा आणि एकात चिकन, दुसऱ्यात भिजवून शिजवलेलं कडधान्य घाला. डाव आणि उलथनं वेगवेगळं ठेवा.

जेवल्यावर लगेच लिहायचं

नवा पदार्थ झाला की त्याच रात्री एका वहीत चार ओळी लिहा: घातलेलं खरं वजन, पॅनचा आकार, प्रत्यक्ष लागलेला वेळ, आणि दोघांची एकेक तक्रार. ‘छान’ लिहून उपयोग नाही. ‘२६ चा पॅन, रस १० मिनिटांत आटला, लिंबू अर्धंच हवं होतं’ असं लिहा. पुढच्या दोन आठवड्यांत तोच पदार्थ पुन्हा करा आणि त्यातली एकच गोष्ट बदला. दुसऱ्या खेपेला तो दोघांनाही आवडला तर वजनं पक्की करून रोजच्या पदार्थांत घ्या. नाही आवडला आणि तिसऱ्यांदा करावासा वाटत नसेल, तर त्या पानावर काट मारून पुढची पाककृती उघडा.